कसर

बँक बुडाली तेव्हा तिची तिजोरीची खोली
गावानं इतिहास मंडळाला देऊन टाकली.
दार पोलादी, वीतभर जाड,
कुलपाचे आकडे शेवटच्या मॅनेजरबरोबर पुरले गेले,
म्हणून दाराला आतून वीट.
"वीट हलवू नका," हिल्मा ओयानिएमी म्हणाली.
वय ब्याऐंशी. गळ्यात किल्ली. पायात दोन जोड लोकरी मोजे.
बाहेर सुपीरियर सरोवरावरचा बर्फ
वरून न पडता आडवाच येत होता.

मी लान्सिंगहून आलेलो, दोन दिवसांच्या बोलीवर.
आर्द्रता मोजायचं यंत्र, भिंग,
आणि नऊ पानी तक्ता. प्रत्येक खोक्याला एक ते पाच गुण.

केळ्यांच्या खोक्यांत तांब्याच्या खाणीचे हजेरीपट.
सार्वजनिक सौनाच्या समितीची इतिवृत्तं,
त्यात सलग अकरा सभा सरपण कुणी चोरलं यावर.
मग सहकारी दुकानाची उधारीची वही:
कॉफी, रॉकेल, खारवलेला मासा,
हातमोजा, डावा, नग एक.
"एकच?"
"आर्वोचा उजवा हात खाणीत राहिला,"
ती म्हणाली, शेजारच्या घरात काय शिजलं हे सांगावं तशी.
मी लिहिलं: कागद आम्लधर्मी, कडा ठिसूळ. गुण दोन.

वहीच्या कण्यात कसर होती.
चंदेरी, पायांची घाई असलेली.
शाईच्या वाटेला फारशी जात नाही ती,
खळ खाते,
नावाला धक्का न लावता
नावाखालची जमीन नेते.

पण खरं नुकसान किड्याचं नव्हतं.
पानापानावर चिकटपट्टी. पिवळी पडलेली, तेलकट,
काढावी तर अक्षरं घेऊनच निघेल अशी.
फाटलेलं प्रत्येक पान कुणीतरी मन लावून
कायमचं नासवून ठेवलं होतं.
मी न बोलता भिंग फिरवत राहिलो.
"चाळीस वर्षं," ती म्हणाली. "दर मंगळवारी.
माझ्या पैशानं आणायचे रिळं.
लिहा. हिल्मानं केलं असं लिहा."
तक्त्यात रकाना होता: अयोग्य दुरुस्ती, होय / नाही.
होयवर खूण केली.
पुढं नाव घालायला जागा नव्हती.
असती तरी घातलं नसतं.

नियमाप्रमाणे एक प्रश्न विचारावाच लागतो:
आग लागली तर पहिल्यांदा काय बाहेर काढाल?
ती बराच वेळ कपाटांकडे बघत राहिली.
"खुर्ची."
"खुर्ची?"
"तिच्यावर चढल्याशिवाय वरच्या फळीला हात पोचत नाही."
मी तेही लिहिलं. लान्सिंगमध्ये हसले असतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो. बुटांची सहा खोकी,
पाठी कोऱ्या.
शाळेचे वर्ग, स्की घेतलेली मुलं, कुणाचं तरी लग्न,
बर्फात रुतलेला ट्रक आणि त्यावर उभे राहून हसणारे पाच जण.
अहवालात अशा वेळी आम्ही 'अनोळखी' लिहितो.
ती खुर्चीत बसली, चष्मा पुसला
आणि म्हणाली, "पेन्सिल आहे का? मऊ?"

तेव्हा कळलं
की या खोलीतला सर्वांत नाजूक ऐवज
मी तपासलाच नव्हता. त्याची दुसरी प्रत नाही,
तापमान तो स्वतःच ठरवतो,
आणि साडेचारला त्याला बस पकडायची असते.

मी लिहीत गेलो. हलक्या हातानं, कडेला, पाठीवर:
सायमा. तिची बहीण. यालमारी, नंतर डुलुथला गेला.
हा कुत्रा पोस्टमास्तरचा.
हिला सगळे लोणी म्हणायचे, खरं नाव... थांबा.
येईल. पुढचा घ्या.

दोनशे सात झाले.
दोनशे आठव्यात गोदीवर उभा एक तरुण,
शर्टाच्या बाह्या वर, डोळ्यांवर ऊन.
तिनं तो हातात धरला. उलटा केला. परत सुलटा.
माझी पेन्सिल टेकलेली.

"हा राहू दे कोरा," ती म्हणाली,
आणि खोक्यात परत ठेवला,
त्याच्या जागी, सायमाच्या मागे.

बस गेली होती. वीट तशीच होती.